आधी वय मोजा, मग पुस्तक उघडा

परभणी जिल्ह्यातल्या देवगाव फाट्यावर सेलूच्या गाडीची वाट पाहत थांबलं की सुट्टीवर आलेला एखादा जवान भेटतोच. अलीकडे त्यांच्यातले काहीजण एकच गोष्ट विचारतात: पायदळ सोडून फौजेच्या मेडिकलमध्ये जाता येतं का?

बदलीचा अर्ज टाकून काम होईल, या भरवशावर राहू नका. आर्मी मेडिकल कोअर हे वेगळं दल आहे. तिथला नर्सिंग असिस्टंट वेगळ्या भरतीतून येतो. त्याला बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, एकूण 50 टक्के आणि प्रत्येक विषयात 40. डॉक्टर अधिकारी व्हायचं तर एमबीबीएसला पर्याय नाही. म्हणून खरी वाट अशी: नोकरी पुरी करा, शिका आणि डॉक्टर होऊन परत या.

पहिलं काम वहीत वय मांडायचं. साडेअठराव्या वर्षी भरती झालेला अग्निवीर चार वर्षांनी साडेबावीसला बाहेर पडतो. एक वर्ष अभ्यास, मे महिन्यात ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा, चोविसाव्या वर्षाच्या आसपास एमबीबीएसला प्रवेश. पुढे साडेचार वर्षं अभ्यासक्रम आणि एक वर्ष इंटर्नशिप. म्हणजे साडेएकोणतीस. मेडिकल कोअरच्या शॉर्ट सर्व्हिस कमिशनला एमबीबीएसवाल्यांसाठी तिशीची मर्यादा असते. एक वर्ष वाया गेलं की हे दार बंद. पदव्युत्तर पदवी केली तर ते पस्तिशीपर्यंत उघडं राहतं, पण त्यासाठी आणखी तीन वर्षं आणि नीट-पीजी. नीटला मात्र 2022पासून वरची वयोमर्यादा नाही. त्यामुळे डॉक्टर होण्याची वाट मोकळी राहते, फक्त वर्दीतला डॉक्टर होण्याची वाट अरुंद होत जाते. हा फरक आधीच समजून घेतला की पुढे चरफड होत नाही.

दुसरं काम नोकरीत असतानाच उरकता येतं. बारावीला जीवशास्त्र नव्हतं? नोव्हेंबर 2023पासून बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून ते देऊनही नीटला बसता येतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून एकच विषय घेण्याची सोय आहे. अभ्यासकेंद्र मात्र महाराष्ट्रातलंच निवडा, कारण राज्याच्या 85 टक्के जागांसाठी अधिवासाबरोबर दहावी-बारावीही राज्यातली पाहिली जाते. परीक्षेची रजा आणि अर्जाची परवानगी युनिटमधून लेखी घ्या. तोंडी ‘हो’वर विसंबू नका, साहेब बदलून जातात.

पैशांचं म्हणाल तर अग्निवीराला चार वर्षांनंतर सेवानिधीचे सुमारे 11.71 लाख हातात येतात. घराचा स्लॅब टाकण्याआधी त्यातले शिक्षणाचे बाजूला काढा. (आमच्याकडे नेमका उलटा क्रम असतो.) परभणीत 2023पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे, त्यामुळे जिल्ह्यातल्या जिल्ह्यात शिकण्याची आशा आहे. वय चोविसाच्या आत आणि लग्न झालेलं नसेल तर पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचाही पर्याय भरा. तिथे नीटनंतर आणखी चाचण्या आणि मुलाखत असते, आणि शिकून झाल्यावर सैन्यात सेवा बंधनकारक. राज्यातला ‘डिफेन्स कोटा’ मात्र सैनिकांच्या मुलांसाठी आहे, खुद्द सैनिकासाठी नाही. अर्जात तो रकाना चुकून भरू नका.

कोअरचं दार बंद झालं तरी वर्दी हवीच असेल, तर उरतं राखीव दल. टेरिटोरियल आर्मीत 18 ते 42 वयाचा, स्वतःची कमाई असलेला पदवीधर अधिकारी होऊ शकतो आणि वर्षाचे साधारण दोन महिने वर्दी घालतो. म्हणजे सेलूत दवाखाना चालवणाऱ्या पस्तिशीच्या डॉक्टरलाही संधी आहे. गंमत अशी की त्याला बहुधा पायदळाच्या पलटणीतच घेतलं जाईल, आणि पायदळ सोडून निघालेला गडी फिरून पायदळातच येईल! डॉक्टर म्हणून पुन्हा बोलावणं येतं ते मुख्यतः मेडिकल कोअरमधून निवृत्त झालेल्यांना. एप्रिल 2021मध्ये कोविडच्या लाटेत आधीच्या दोन वर्षांत निवृत्त झालेल्या लष्करी डॉक्टर-कर्मचाऱ्यांना घराजवळच्या केंद्रांवर कामाला घेण्याचं ठरलं होतं. म्हणून राखीवमध्ये डॉक्टरकी करायची तर आधी कोअरमध्ये काही वर्षं काढावी लागतात.

पस्तिशी-चाळिशीत पेन्शनवर आलेल्या हवालदारांनी नीटच्या मागे लागण्यापेक्षा डी.फार्म. पाहावं. विज्ञान शाखेची बारावी, दोन वर्षं अभ्यास, किमान तीन महिन्यांत 500 तासांचं प्रात्यक्षिक, मग राज्य फार्मसी कौन्सिलची नोंदणी. माजी सैनिकांच्या ईसीएचएस दवाखान्यांत फार्मासिस्टच्या कंत्राटी जागा निघतात आणि तिथे माजी सैनिकांना प्राधान्य असतं. त्यासाठी डिस्चार्ज बुक घेऊन परभणीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंद करून ठेवा. चार वर्षांत परतलेल्या अग्निवीराला मात्र माजी सैनिकाचा दर्जा नाही, म्हणून त्यानं या प्राधान्यावर हिशेब मांडू नये. वाट कोणतीही धरा, दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, अधिवास, जात आणि जातवैधता यांची फाईल सुट्टीतच लावून घ्या. जातवैधतेला किती महिने लागतील, याचा नेम नसतो.