जागा चुकणारे मुके जीव : एकाहून अधिक पाळीव प्राणी असलेल्या घराची समस्या

आपल्या स्मरणिकेत मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी यांवर दरवर्षी अधिकारी लेखणीने लिहिले जाते. प्रस्तुत लेखाचा विषय त्या मानाने क्षुल्लक, किंबहुना काहीसा किळसवाणा वाटण्याचा संभव आहे. घरात दोन-तीन मांजरे आणि एखादा कुत्रा असावा आणि त्यांपैकी कोणीतरी गादीवर, चपलांच्या कपाटाशी किंवा थेट देवघराच्या उंबऱ्यावर लघवी वा शी करून ठेवावी, हा तो विषय होय. चारचौघांत याची वाच्यता कोणी करीत नाही. परंतु रक्तदाब मोजून झाल्यावर, खुर्चीतून उठता उठता, "डॉक्टरसाहेब, एक वेगळंच विचारू का?" अशी प्रस्तावना करून हा प्रश्न मला आजवर अनेकांनी विचारला आहे. मी माणसांचा डॉक्टर. पशुवैद्यकाचे शिक्षण मला नाही. तरीही लिहिण्याचे धाडस करतो, याचे कारण या विषयातील सर्वांत महागडी चूक माझ्याच घरात, माझ्याच हातून घडली.

त्या वेळी आमच्याकडे एक गावठी कुत्रा आणि तीन मांजरे होती. गब्बू नावाचा बोका अंगाने भरलेला, स्वभावाने शांत आणि सवयीने अत्यंत स्वच्छ. घरात नवे पिल्लू आल्यानंतर काही दिवसांनी तो मोरीत, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, पायपुसण्यावर वारंवार बसू लागला. दर वेळी दोन-चार थेंब. सौभाग्यवतींचे म्हणणे, "याला काहीतरी होतंय." मी मात्र निदान करून मोकळा झालो होतो : पिल्लाचा मत्सर! मी त्याला रागावलो, ओल्या फरशीपाशी नेऊन दटावले आणि रात्री मागच्या पडवीत कोंडले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो थंड पडलेला आढळला. पशुवैद्यक आले, त्यांनी पोटाला हात लावला आणि एवढेच म्हणाले, "मूत्राशय दगडासारखं झालंय. कधीपासून लघवी झाली नाही?" गब्बू दुपारपर्यंतही टिकला नाही. त्याच आठवड्यात लघवी तुंबलेल्या एका आजोबांना मी मध्यरात्री कॅथेटर घालून मोकळे केले होते.

बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी अतिशय अरुंद असतो. चिकट स्राव आणि खड्याचे बारीक कण यांचा बूच तेथे बसला, की लघवी पूर्ण थांबते. पुढचे आपणां सर्वांस ठाऊकच आहे : रक्तातील युरिया व पोटॅशियम चढते, हृदयाची गती बिघडते आणि दोन-तीन दिवसांत प्राणी दगावतो. वारंवार बसणे, कण्हणे, इंद्रिय सतत चाटणे आणि हाती काही न लागणे ही लक्षणे बोक्यात दिसली, तर तो खोडकरपणा नसून तातडीचा आजार आहे. सकाळची वाट पाहू नये.

म्हणून या समस्येचे पहिले सूत्र असे की, आजवर स्वच्छ असलेला प्राणी जागा चुकू लागला, तर त्याला आधी रुग्ण समजावे. गुन्हेगार ठरविण्याची घाई करू नये. फार पाणी पिणारा व फार लघवी करणारा कुत्रा मधुमेहाचा किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण असू शकतो. माज ओसरल्यानंतर काही आठवड्यांनी कुत्री सुस्त होऊन पाणीच पाणी मागू लागली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्रीच्या अंथरुणावर झोपेत ओल दिसते, त्यावर औषध आहे. म्हातारा कुत्रा तर माणसासारखाच दिशा विसरतो. दाराशी जाऊन तो कशासाठी आलो होतो हेच विसरतो आणि तेथेच मोकळा होतो.

वैद्यक व्यवसायातील मित्रांना येथे दोन सूचना द्याव्याशा वाटतात. लघवी तपासण्याची आपली नेहमीची पट्टी साखर व रक्त यांपुरती प्राण्यांनाही उपयोगी पडते. परंतु तिच्यावरील पांढऱ्या पेशींचा चौकोन मांजराच्या बाबतीत भरवशाचा नाही आणि विशिष्ट गुरुत्वाचाही नाही. त्यावरून जंतुसंसर्ग ठरवून आपल्या कपाटातील प्रतिजैविक सुरू करू नये. आणि 'कण्हतंय बिचारं' म्हणून पॅरासिटामॉल तर मांजराला कदापि देऊ नये. ग्लुक्युरोनिडेशनची क्षमता मांजराच्या यकृतात अत्यल्प असते. 500 मिलिग्रॅमची एक गोळी त्याचा जीव घेण्यास पुरेशी आहे.

आजार नाही असे ठरल्यावर पुढचा प्रश्न येतो : हे कोणाचे काम? अनेक प्राण्यांच्या घरात शिक्षा बहुधा निरपराध्यालाच होते, कारण जो घटनास्थळी सापडतो तो वास घ्यायला आलेला असतो. संशयितांना आळीपाळीने वेगळ्या खोलीत ठेवून पाहावे. त्याने उलगडा न झाल्यास पशुवैद्यक एक युक्ती करतात : डोळे तपासण्यासाठी वापरतात तेच फ्लोरेसिन एका मांजराला पोटातून देतात. मग त्याची लघवी अतिनील दिव्याखाली ठळकपणे चमकते. नोटा पारखण्याचा व्यापाऱ्यांचा छोटा दिवा येथे कामी येतो. वाळलेले जुने डाग शोधण्यासही तोच उपयोगी आहे, फक्त खोलीत पूर्ण अंधार हवा.

डागाची जागाही बोलकी असते. जमिनीवर किंवा गादीवर मोठे थारोळे असेल, तर मांजर तेथे विधीसाठी बसले होते. भिंतीवर, पडद्यावर, सोफ्याच्या पाठीवर वीतभर उंचीला शिंतोडे असतील, तर ते उभ्याने, शेपटी थरथरवत केलेले हद्दीचे चिन्ह होय. ही दोन अगदी वेगळी प्रकरणे आहेत. हद्द आखणाऱ्या बोक्याची नसबंदी केल्यास दहापैकी सुमारे नऊ बोक्यांत ही सवय थांबते किंवा पुष्कळ कमी होते. उरलेल्यांत कारण बहुधा खिडकीबाहेर असते, गच्चीवरून येणारा परका बोका! त्या खिडकीचा खालचा भाग झाकला, तरी कित्येकदा काम भागते.

थारोळ्याचे कारण मात्र बहुतेक वेळा आपण स्वतः असतो. बालाघाटातील जुन्या मराठी घरांना परसदार होते, अंगण होते, चुलीच्या राखेचा ढीग होता. मांजर केव्हा जाते, कोठे जाते, हे घरातल्यांना ठाऊकही नसे. आता अंगणात सिमेंट आले, खोल्यांत चकचकीत फरशी आली, मागच्या दाराला जाळी लागली. मांजराची जागा आपण काढून घेतली आणि वर त्यालाच 'घाणेरडे' म्हणू लागलो. बाहेर जाणारी मांजरे मग शेजाऱ्याच्या बांधकामासाठी पडलेल्या रेतीच्या ढिगाकडे वळतात आणि त्याच ढिगात मुले किल्ले बांधतात. कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतील अंकुशकृमींच्या अळ्या ओल्या रेतीत वाढून मुलांच्या कातडीत शिरतात. पायावर नागमोडी, खाजणारी रेघ घेऊन आलेले मूल आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तो ढीग झाकून ठेवणे आणि प्राण्यांना वेळच्या वेळी जंताचे औषध देणे, एवढे तरी आपण करू शकतो.

घरात जागा करून द्यायची, तर महागडे काही लागत नाही. बांधकामाचे रुंद घमेले किंवा पसरट टब, त्यात तीन-चार बोटे बारीक, चाळलेली रेती. धानाचे तूस आपल्याकडे मुबलक, पण ते टोचरे. मांजराला पंजाखाली मऊ आणि बारीक पोत आवडतो. संख्येचा नियम सोपा आहे : जितकी मांजरे, त्याहून एक घमेले अधिक. 2014 साली अमेरिकेतील व ब्रिटनमधील मांजर-वैद्यकाच्या दोन संस्थांनी या समस्येवर संयुक्त मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तीतही हाच दंडक सांगितला आहे. मात्र चारही घमेली एका ओळीत मांडली, तर मांजराच्या हिशेबी ते एकच घमेले! दादागिरी करणारे एक मांजर दारात नुसते पसरून बसते आणि बाकीच्यांचा रस्ता बंद होतो. त्यात मारामारी नाही, आवाज नाही. म्हणून आपल्या लक्षातही येत नाही. घमेली वेगवेगळ्या खोल्यांत, जेवणाच्या ताटलीपासून व कपडे धुण्याच्या यंत्रापासून दूर असावीत. कुत्रा असल्यास दाराला आतून साखळी लावून मांजरापुरतीच फट ठेवावी. कारण कुत्र्याला मांजराची विष्ठा खाण्याची वाईट खोड असते आणि मागून येणाऱ्या त्या नाकाच्या धसक्याने भित्रे मांजर ती जागाच सोडते. आमच्याकडे हेच झाले होते. नव्या पिल्लाने घमेल्याची वाट अडविली होती आणि गब्बूवर ताण होता. ताण हा मांजराच्या मूत्राशयाच्या दाहामागील मोठा घटक आहे, हे मी पुढे वाचले.

साफसफाईत आपण आणखी एक चूक करतो : फिनाइल. काळे फिनाइल फिनॉल वर्गातील द्रव्यांचे असते. मांजर त्यावरून चालते, पंजे चाटते आणि ते विष पोटात जाते. कारण पुन्हा तेच यकृत. शिवाय वास दबतो तो आपल्या नाकापुरता, त्याला जुन्या जागेचा पत्ता मिळतोच. ब्लीचिंगचे पाणी लघवीवर ओतल्यास डोळे-घसा झोंबणारा वायू निघतो. एन्झाइमयुक्त धुण्याची पावडर कोमट पाण्यात कालवून डाग धुवावा, साध्या पाण्याने पुसावा, वाळल्यावर सर्जिकल स्पिरिटचा बोळा फिरवावा. स्पिरिट तर आपल्या घरांत असतेच.

कुत्र्याचे प्रकरण तुलनेने सरळ आहे. पिल्लू जितक्या महिन्यांचे, त्यात एक मिळवून जितके तास होतील, तेवढाच वेळ ते लघवी धरू शकते, तीही कमाल मर्यादा होय. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर बाहेर न्यावे आणि तेथे काम झाले की तत्क्षणी कौतुक करावे. नाक घासण्याची जुनी पद्धत पूर्णपणे टाकून द्यावी. त्यातून कुत्रा एवढेच शिकतो, की या माणसासमोर लघवी करू नये. मग तो सोफ्यामागे करतो. मालकाला पाहताच दबून लघवी सोडणारे भित्रे कुत्रे तर ओरडण्याने अधिकच बिघडते. आषाढ-श्रावणात ओल्या गवतात पाय ठेवायला नाखूश असणारे आणि दिवाळीच्या फटाक्यांनी पलंगाखाली शिरणारे कुत्रे या ऋतूंपुरते क्षम्य मानावे. छत्री घेऊन आपणही चार पावले सोबत गेलो, तर बरेच जमते. लघवी पुसताना मात्र हातमोजे घालावेत. लेप्टोस्पायरोसिस विसरून चालणार नाही.

आता स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनींसाठी. मुलगी बाळंतपणाला माहेरी आली, की पहिली गदा मांजरावर येते. टोक्सोप्लाझ्माची भीती अनाठायी नाही, पण तिचे गणित समजून घ्यावे. संसर्ग झालेले मांजर साधारणतः आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे बीजांडे सोडते आणि ती बाहेर पडल्यावर संसर्गक्षम होण्यास एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे घमेले रोज साफ झाले, तर धोका बहुतांशी टळतो. गर्भवतीने ते काम करू नये, घरातील पुरुषांनी करावे. आजवर कोणा पुरुषाला त्यात कमीपणा आल्याचे ऐकिवात नाही. अर्धवट शिजलेले मांस, न धुतलेली भाजी आणि बागेतील माती हे मार्ग तितकेच, किंबहुना अधिक महत्त्वाचे आहेत. मांजराला घराबाहेर काढल्याने ते बंद होत नाहीत.

आणि ज्यांचा संयम संपतो, ते प्राण्याला गाडीत घालून बैहरच्या रस्त्याला, घाटापलीकडे सोडून येतात. 'जंगलात जगेल' ही समजूत खोटी आहे. तो बहुधा उपासमारीने मरतो किंवा बिबट्याच्या तोंडी जातो; आणि लस न टोचलेला कुत्रा असेल, तर रोगही घेऊन जातो. 2018 साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, त्यांपैकी काहींत कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला. बैहरचा तो रस्ता पुढे कान्ह्याकडे जातो.

गब्बूनंतर आमच्याकडे आणखी एक बोका आला. तीन मांजरे, चार घमेली, असा आता आमचा संसार आहे. त्यातले एक माझ्या वाचनाच्या खोलीत आहे. सकाळी चहापूर्वी स्वयंपाकघरातून निवृत्त झालेला झारा घेऊन मी रेतीतील ओले गोळे काढतो आणि मोजतो. बोक्याचे दोन किंवा तीन असतात. एकही नसला, की चहा बाजूला ठेवून प्रथम त्याच्या पोटाला हात लावून पाहतो. पशुवैद्यकांचा दूरध्वनी क्रमांक त्याच खोलीच्या दाराला चिकटविलेला आहे.