पडल्यानंतरचा पहिला तास

महागाव तालुक्यात कापूस वेचणीचे दिवस आले की घरातील कर्ती माणसे सकाळीच शेताची वाट धरतात. मागे उरतात ती वृद्ध मंडळी. न्हाणीत पाय घसरला, तर सायंकाळपर्यंत हाक ऐकावयास कोणी नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार पासष्टीपुढील २८ ते ३५ टक्के व्यक्ती दरवर्षी पडतात. पडण्याइतकेच पडून राहणेही घातक होय. तासाहून अधिक काळ जमिनीवर राहिल्यास दाबाने स्नायूंना इजा पोचते, शरीरातील पाणी घटते व मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो.

यासाठी अंगावर बाळगावयाची सूचक यंत्रे निघाली आहेत. साधे यंत्र ताईतासारखे गळ्यात असते. कळ दाबली की ठरलेल्या दूरध्वनीवर संदेश जातो. परंतु शुद्ध हरपलेल्यास कळ कशी दाबता येणार? २०१८ मध्ये मनगटी घड्याळातही आलेली स्वयंचलित सोय आघात आणि त्यामागून येणारी निश्चलता ताडून स्वतःच संदेश पाठविते. तीही अचूक नव्हे. भिंतीला धरून हळूहळू खाली घसरलेला माणूस तिला उमगत नाही. उलट जमिनीवर धपकन बसणाऱ्या आजीबाईंमुळे ती उगाच बोंब ठोकण्याचा संभव असतो. यंत्र पाण्यात टिकणारे हवे, अन्यथा न्हाणीत जाताना ते खुंटीवरच राहावयाचे. घराच्या आतील खोलीत भ्रमणध्वनीचे जाळे पोचते किंवा कसे, हेही आधी पाहावे.

पुण्यातील मुलाला संदेश गेला, तरी दाराशी शेजारीच आधी पोचणार. म्हणून यंत्रात पहिला क्रमांक शेजाऱ्याचा नोंदवावा आणि घराची एक किल्ली त्याच्याकडे ठेवावी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका त्यालाच बोलवावी लागेल.