कारखान्यातल्या बायांचा फुटबॉल



आपल्या तेलगावला साखर कारखाना आहे. कारखाना म्हटला की भोंगा आला, जेवणाची सुट्टी आली. आज अशाच एका दूरच्या कारखान्याची गोष्ट वाचू. तिथल्या बायांनी सुट्टीत एक खेळ सुरू केला. पुढे त्याचे मोठे नाव झाले.

इंग्लंड देशात प्रेस्टन नावाचे गाव आहे. तिथे डिक-कर नावाचा कारखाना होता. 1914 साली पहिले महायुद्ध पेटले. पुरुष लढाईवर गेले. त्यांच्या जागी बाया कामावर आल्या. त्या दारूगोळा तयार करू लागल्या.

सुट्टी झाली की त्या आवारात फुटबॉल खेळत. फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा चेंडू. एका बाजूला अकरा खेळाडू. चेंडू समोरच्यांच्या जाळ्यात घातला की एक गोल झाला.

आल्फ्रेड फ्रँकलंड नावाचा कारकून कचेरीच्या खिडकीतून हा खेळ पाही. त्याने बायांचा संघ उभा केला. संघाचे नाव पडले डिक-कर लेडीज. 25 डिसेंबर 1917 रोजी, नाताळच्या दिवशी, मोठा सामना झाला. दहा हजार माणूस जमले. तिकिटाचे पैसे जखमी शिपायांच्या दवाखान्याला दिले.

संघ वाढत गेला. लिली पार नावाची पोर चौदा-पंधरा वर्षांची असताना संघात आली आणि नामांकित खेळाडू झाली. 26 डिसेंबर 1920 रोजी लिव्हरपूल शहरात सामना पाहायला 53,000 लोक आले. हजारो लोक जागा नाही म्हणून बाहेरच राहिले.

इथेच माशी शिंकली. 5 डिसेंबर 1921 रोजी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ठराव केला. हा खेळ बायांना शोभत नाही. आपल्या मैदानांवर त्यांना खेळू देऊ नये. झाले! मोठी मैदाने बंद झाली.

मग बाया घरी बसल्या का? छे! मोकळी जागा मिळेल तिथे त्या खेळल्या. 1922 साली अमेरिकेत जाऊन पुरुषांच्या संघांशी खेळल्या. संघ 1965 पर्यंत टिकला. बंदी उठली ती सुमारे पन्नास वर्षांनी. तोवर किती पोरींचे खेळायचे वय निघून गेले!

गोष्ट परक्या मुलखाची, पण दुखणे आपल्याही घरचे आहे. आपल्याकडे ठराव करावा लागत नाही. ‘पोरीच्या जातीला खेळ कशाला?’ एवढे म्हटले की मैदान बंद. मग धुणीभांडी, धाकट्या भावाला सांभाळणे, ऊसतोडीला आईबापांबरोबर जाणे आणि लवकर लग्न.

मैदान मिळाले तर काय होते, तेही पाहा. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली. महिलांच्या शेवटच्या सामन्यात भारताने नेपाळला 78-40 असे हरवले. आपल्या संघाची कर्णधार होती प्रियंका इंगळे. ती मूळची आपल्याच बीड जिल्ह्यातली, केज तालुक्याची!

खेळ निराळा, पण बोध एकच. शाळेचे मैदान संध्याकाळी एक तास मुलींसाठी राखा. एक चेंडू आणा. सुरुवातीला एवढे पुरे.

प्रश्न
1. बायांच्या सामन्याचे पैसे कोणाला दिले?
2. 1921 साली कोणता ठराव झाला?
3. तुमची मुलगी कोणता खेळ खेळते? आज तिला विचारा.