नर्सताईंचा गणवेश काय सांगतो?

ताईंनो, यावलच्या दवाखान्यात पेशंट घेऊन गेलो की आपले डोळे आधी गणवेश शोधतात. नाव माहीत नसलं तरी आपण बिनधास्त ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतो. हा गणवेश आला कुठून?

१८६० साली फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने लंडनला नर्सची शाळा सुरू झाली. त्याआधी पैसे घेऊन रुग्णसेवा करणाऱ्या बाईला तिकडे फारसा मान नव्हता. शिकलेली नर्स लगेच ओळखू यावी, म्हणून गणवेश महत्त्वाचा झाला. पुढे पांढरा रंग रूढ झाला, कारण त्यावर डाग लपत नाही आणि कापड उकळून धुता येतं.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा हॉस्पिटलमध्ये अतिरेकी घुसले. ड्युटीवर असलेल्या नर्स अंजली कुलथे यांनी वॉर्डातल्या २० गरोदर बायांना आडोशाच्या खोलीत हलवून वाचवलं. नंतर कसाबविरुद्ध साक्ष द्यायला त्या कोर्टात गणवेश घालूनच गेल्या. म्हणजे गणवेश ही नुसती ओळख नाही, जबाबदारी आहे.

पण पांढरा कपडा कोणीही शिवून घेऊ शकतं. म्हणून गावात घरी येऊन कोणी सुई देत असेल, तर न लाजता विचारा: तुमचं नाव काय? शिक्षण काय? महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी आहे का? सुई नवीन आहे ना, ती आमच्यासमोर फोडा. खरी नर्स या प्रश्नांनी रागावणार नाही.

पुढच्या बैठकीत हे प्रश्न सगळ्यांनी एकदा मोठ्याने म्हणून बघा.