कोंबड्यांचे खुराडे आणि उंदीर

उंदीर खुराड्याकडे येतो तो कोंबडीसाठी नव्हे, तिच्या दाण्यासाठी. ही एवढी गोष्ट ध्यानात आली की पुढचा सारा प्रश्न सोपा होतो. ती ध्यानात येत नाही म्हणूनच उंदीर दिसताच घरातील कोणी तरी तडक बाजारात जाऊन विषाची पुडी घेऊन येते, आणि दुसऱ्या दिवशी उंदरांऐवजी कोंबड्याच पाय ताठ करून पडलेल्या दिसतात. आपल्या बेळगाव-खानापूर भागात परसात पाच-दहा कोंबड्या बाळगणारी घरे पुष्कळ आहेत व आपल्या शाळेतील कित्येक मुले त्याच घरांतून येतात. त्यांच्या उपयोगी पडावा म्हणून हा पाठ लिहिला आहे.

प्रथम शत्रूची ओळख करून घेऊ. कौलांवरून व वाशांवरून धावणारा, सडपातळ अंगाचा, धडापेक्षा शेपूट लांब असलेला तो घरउंदीर. त्याचा मार्ग बहुधा वरून असतो. घूस ही अंगाने जाड व स्वभावाने जमिनीखालची. बिळाच्या तोंडाशी मातीचा ढीग दिसला की तेथे घूस आहे असे समजावे. तिसरी ती चिमुकली उंदरी. दिसायला गरीब, पण बोट जाईल एवढ्या भोकातूनही ती आत येते. चिचुंद्रीला आपण याच कुळात ढकलतो, तो तिच्यावर अन्याय होय. तिचे मुख्य भक्ष्य किडेमकोडे असून ती कृंतकवर्गातील नाहीच. कृंतक म्हणजे कुरतडणारे प्राणी. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्यांना सतत काही ना काही कुरतडावे लागते. खुराड्याची लाकडी फळी त्यांच्यापुढे फार दिवस टिकत नाही, याचे कारण हेच.

आता थोडा हिशेब करू. एक मोठी कोंबडी दिवसाकाठी सुमारे 100 ते 120 ग्रॅम खाद्य खाते. एक मोठा उंदीर सुमारे 25 ग्रॅम खातो. म्हणजे दहा उंदीर दररोज पाव किलो खाद्य फस्त करतात; दोन कोंबड्यांच्या पोटाला पुरून उरेल इतके! महिन्याला हे साडेसात किलो झाले. शिवाय जेवढे खातात त्याहून अधिक ते मलमूत्राने नासवतात. मादीचा गर्भकाळ अवघा तीन आठवड्यांचा, एका वेळी सहा-आठ पिल्ले, आणि ती पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः विण्यास योग्य होतात. यास्तव अन्न मुबलक असेल तोवर चार उंदीर मारल्याने काही साधत नाही. मेलेल्यांची जागा नवे उंदीर भरून काढतात.

नुकसान केवळ दाण्याचे असते तर एक वेळ चालले असते. परंतु कोंबडीला अंधारात दिसत नाही. दांडीवर किंवा जमिनीवर निजलेल्या कोंबडीच्या पायाची बोटे उंदीर कुरतडतात, अंडी लांबवतात, आणि खुडूक कोंबडीच्या पंखाखालून पिल्लेही ओढून नेतात. उंदरांच्या मागावर साप येतो तो वेगळाच.

ह्यावर पहिला उपाय म्हणजे रात्री खुराड्यात दाणा न ठेवणे. कोंबड्या सूर्यास्तानंतर काही खात नाहीत, त्यामुळे रात्री उरलेले खाद्य हे निव्वळ उंदरांचे ताट होय. सकाळी व दुपारनंतर बेताने, अर्ध्या तासात संपेल इतकेच घालावे. खाद्य जमिनीवर उधळण्यापेक्षा भांड्यात घालावे. भांड्याचा काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला असला म्हणजे ती चोचीने फार सांडत नाही. दिवेलागणीला भांडे उचलावे व खाली सांडलेली कणी झाडून घ्यावी. पाण्याचे भांडेही झाकावे वा उचलावे. अंडी संध्याकाळपूर्वी काढावी. खाद्याचे पोते भिंतीला टेकवून ठेवण्याची आपल्याकडे फार वाईट सवय आहे. पोते म्हणजे उंदराला उघडा दरवाजाच! घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा हवा. प्लॅस्टिकचे पिंप घूस सहज कुरतडते. हे काम मोठे नाही, ते रोजचे मात्र आहे, आणि घरात ते नेमून दिलेले नसले की चार दिवसांत बंद पडते. माझ्या मते ते घरातील एखाद्या मुलामुलीनेच आपल्याकडे घ्यावे.

दुसरा उपाय जाळीचा. बाजारात ‘कोंबडीची जाळी’ म्हणून षट्कोनी घरांची पातळ तार मिळते. ती कोंबडीला आत ठेवते, पण उंदराला बाहेर ठेवत नाही. जाळी चौकोनी घरांची, वेल्ड केलेली व जाड तारेची हवी. घर अर्ध्या इंचाहून मोठे नसावे. उंदरीचाही उपद्रव असेल तर पाव इंचाचे घ्यावे. घूस खालून पोखरून येते, म्हणून ही जाळी भिंतीच्या कडेने सुमारे एक फूट जमिनीत उतरवून तेथून बाहेरच्या अंगाला आणखी एक फूट आडवी वळवावी. घूस भिंतीलगत उकरते आणि जाळी लागली की थांबते; मागे सरून दूरवरून सुरुंग खणण्याचे तिला सहसा सुचत नाही. खुराडे जमिनीपासून हातभर उंच खांबांवर असेल तर उत्तमच, कारण मग खाली झाडता येते व बीळ तत्काळ दिसते. सरपण, शेणी, गवताची गंजी, मोडकी कौले यांचा ढीग खुराड्याला लागून नसावा. कौलांवर टेकलेली झाडाची फांदी छाटावी. हा घरउंदराचा पूल असतो.

मग बिळांचा शोध. विद्यार्थ्यांना स्वतः करून पाहण्यासारखा हा प्रयोग आहे. संध्याकाळी परसातील सर्व बिळांची तोंडे ओल्या मातीने लिंपून त्यांची संख्या वहीत मांडावी. सकाळी जी उघडलेली दिसतील ती राहती बिळे. अशा बिळांपाशीच पिंजरा किंवा चाप लावण्यात अर्थ आहे. उंदीर मोकळ्या अंगणातून न जाता भिंतीला अंग घासत जातो, म्हणून सापळा भिंतीलगत असावा. नव्या वस्तूचा त्याला मोठा संशय. यास्तव दोन-तीन रात्री सापळा न लावता नुसतेच खोबऱ्याचा तुकडा किंवा सुकी मासळी त्यात ठेवावी. तो निर्धास्तपणे खाऊ लागला की चौथ्या रात्री सापळा ओढून लावावा. चाप कोंबड्यांच्या वाटेत कधीच उघडा ठेवू नये. दोन्ही बाजूंना उंदराएवढे भोक असलेल्या खोक्यात तो ठेवावा, कोंबड्या कोंडल्यावर लावावा आणि त्यांना सोडण्यापूर्वी काढावा. चिकट पट्ट्यांवर उंदरापेक्षा पिल्ले, पाली व चिमण्याच अधिक सापडतात. शिवाय सापडलेला जीव तासन् तास तडफडतो. त्या वापरू नयेत. पिंजऱ्यात आलेला उंदीर शेजाऱ्याच्या शेतात नेऊन सोडण्याची चलाखीही नको. बिळे ओस पडली की ती खडी व सिमेंटने बुजवावी.

विषाबद्दल सविस्तर सांगणे भाग आहे. झिंक फॉस्फाइड ही काळसर करडी पूड पोटातील आम्लाशी संयोग पावून फॉस्फिन हा प्राणघातक वायू निर्माण करते. उंदराला ती मारते तशीच कोंबडीलाही मारते, आणि तिच्यावर उतारा नाही. ‘आम्ही ती बिळातच टाकतो’ असे पुष्कळजण म्हणतात. पण जमीन उकरणे हा कोंबडीचा धर्मच, आणि उंदीरही विषाचे दाणे तोंडात धरून बाहेर आणून सांडतो! दुसऱ्या जातीची विषे रक्त गोठू देत नाहीत. अमेरिकेत सडलेले क्लोव्हर गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरत. त्याचा शोध घेताना कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेला त्या गवतातील द्रव्य सापडले, आणि त्याच मालिकेतील वॉर्फरिन 1948 मध्ये उंदरांचे विष म्हणून विक्रीस आले. ब्रोमाडायोलोन हे त्याहून तीव्र व नंतरचे. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही; काही दिवस मंदपणे हिंडतो. नेमका असा सुस्त उंदीर मांजराच्या वा गव्हाणी घुबडाच्या हाती लागतो आणि विष त्यांच्या अंगात जाते. कोंबडीही मेलेल्या उंदरीवर चोच मारायला मागेपुढे पाहत नाही. म्हणजे जे आपले फुकटचे राखणदार, त्यांनाच आपण मारतो. उंदीर फारच झाले आणि विषावाचून गत्यंतर उरले नाही, तर ते मोठ्या माणसांनी, कुलूपबंद पेटीत, तारेला ओवलेल्या वडीच्या रूपात, कोंबड्यांचा वावर नसेल तेथेच ठेवावे. कोंबडीने विष खाल्ल्याची शंका आली तर तिची अंडी व मांस खाऊ नये. पशुवैद्याला गाठावे व पुडीचे वेष्टन बरोबर न्यावे. रक्त न गोठू देणाऱ्या विषावर के1 जीवनसत्त्वाचा उतारा आहे, परंतु वेष्टनावरचे नाव कळल्याखेरीज तो देता येत नाही.

मेलेला उंदीर हाती धरू नये, याला आपल्या भागात जुनी आठवण आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला व पुढे तो या बाजूलाही पसरला, तेव्हा घरात उंदीर पडला की लोक गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहत. 1898 मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवून दिले की मेलेल्या उंदराच्या अंगावरील पिसवा हा रोग पसरवतात. आज आपल्याला जवळचे भय आहे ते लेप्टोस्पायरोसिसचे. उंदराच्या मूत्रातील जंतू पावसाळ्यातील चिखलात व साचलेल्या पाण्यात टिकून राहतात आणि पायाच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात. म्हणून आषाढ-श्रावणात खुराडे अनवाणी झाडू नये. रबरी बूट घालावे. मेलेला उंदीर चिमट्याने किंवा हातावर पिशवी चढवून उचलावा, खोल पुरावा, वर चुना टाकावा व हात साबणाने धुवावे. त्यानंतर पंधरवड्यात ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या किंवा डोळे लाल झाले, तर डॉक्टरांकडे जावे व आपण खुराडे झाडतो, तेथे उंदीर आहेत, हे त्यांना न विचारता सांगावे.