भूमिकाप्रधान खेळ आणि संगणकाची निवड

दिवाळीच्या सुट्टीपूर्वीची गोष्ट. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातील एक विद्यार्थी प्रयोगशाळेत माझ्याकडे आला. हातात दुकानदाराने लिहून दिलेली संगणकाच्या सुट्या भागांची यादी होती आणि तळाशी बेरीज होती ६२ हजार रुपये. "सर, एवढं बघून देता काय? उद्या आप्पा पैसे घेऊन येणार आहेत," तो म्हणाला. पैसे उसाच्या बिलातले होते, म्हणजे वर्षातून एकदाच हाती येणारे. संगणक अभ्यासासाठी हवा होता हे खरेच. परंतु थोडे खोदून विचारल्यावर 'बाल्डर्स गेट ३' हा खेळही त्यावर चालावा अशी इच्छा असल्याचे त्याने लाजत कबूल केले.

यादी वाचली आणि मी चपापलो. २०१९ साली मी स्वतःसाठी केलेली यादी जवळजवळ अशीच होती. महागडा आठ गाभ्यांचा प्रोसेसर, भरपूर रॅम, आणि खोक्यावर ठळक अक्षरांत '४ जीबी' लिहिलेले, पण श्रेणीने अगदी तळाचे ग्राफिक्स कार्ड. त्यावर मी 'द विचर ३' लावला. पहिल्याच खेड्यात गेराल्टचा घोडा सेकंदाला बारा-तेरा चित्रांच्या गतीने अडखळत चालू लागला. दोन महिने मी खेळालाच दोष देत होतो. दोष माझ्या निवडीचा होता. ती चूक विद्यार्थ्यांच्या हातून होऊ नये, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. हा खेळ मागतो काय?

भूमिकाप्रधान खेळ म्हणजे ज्यात खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेतो, त्याचे गुण हळूहळू वाढवितो आणि त्याच्या निर्णयांनी कथेला वळण मिळते असा खेळ. याचे मूळ १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या कागद, पेन्सिल आणि फाशांच्या खेळात आहे. संगणकावर १९८० च्या सुमारास 'रोग' हा खेळ आला; त्यात राक्षस म्हणजे पडद्यावरचे एखादे अक्षर असे! १९९८ चा पहिला 'बाल्डर्स गेट' पाच सीडींवर आला होता. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजने काढलेला तिसरा भाग १५० जीबी जागा मागतो.

या खेळांचा स्वभाव नेमबाजीच्या वा शर्यतीच्या खेळांहून निराळा आहे. तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, यांतील जग विस्तीर्ण असते. त्याचे तुकडे सतत साठवणीतून उचलून आणावे लागतात. दोन, त्या जगात पुष्कळ माणसे वावरतात व प्रत्येकाच्या हालचालीचा हिशेब ठेवावा लागतो. तीन, हे खेळ शंभर-शंभर तास चालतात आणि त्यांत वाचावयाचे पुष्कळ असते. पहिली गोष्ट साठवणीवर, दुसरी प्रोसेसरवर आणि तिसरी पडद्यावर व यंत्राच्या थंडाव्यावर भार टाकते. चित्र काढण्याचा भार ग्राफिक्स कार्डावर असतो, तो वेगळाच.

२. गतीचे गणित

पडद्यावरची हालचाल म्हणजे एकामागून एक दाखविलेली स्थिर चित्रे. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर एका चित्रासाठी १००० भागिले ६०, म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० चित्रे पुरणार असतील तर ३३.३ मिलिसेकंद. 'बाल्डर्स गेट ३' मधील लढाई बुद्धिबळासारखी पाळीपाळीने होते. तेथे ३० ते ४० चित्रांवरही काम भागते. 'द विचर ३' मध्ये तलवारीचा वार चुकवावयाचा असतो, तेथे ६० असावीत. म्हणजे आपण कोणता खेळ खेळणार यावर यंत्राची किंमत ठरते.

दुसरे गणित ठिपक्यांचे. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. २५६० गुणिले १४४० वर ३६.९ लाख, आणि ३८४० गुणिले २१६० वर ८२.९ लाख, म्हणजे पहिल्याच्या बरोबर चौपट. मोठ्या पडद्याचा मोह धरला की ग्राफिक्स कार्डाचे काम त्या प्रमाणात वाढते. विद्यार्थ्याने पहिल्या मापावर समाधान मानावे. चोवीस इंची पडद्यावर संवादही डोळ्यांना ताण न देता वाचता येतात.

३. प्रोसेसर की ग्राफिक्स कार्ड?

प्रोसेसर प्रत्येक चित्रासाठी 'कोण कोठे आहे, काय करीत आहे' हे ठरवितो, आणि ग्राफिक्स कार्ड ते रंगवून काढते. दोघांपैकी जो मंद, त्याच्याच गतीने खेळ चालतो. मळणीयंत्र कितीही जलद असले तरी पेंढ्या देणारा एकच माणूस असेल तर धान्य त्याच्याच वेगाने पडणार, तसेच हे.

अडथळा कोठे आहे हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे. खेळाच्या मांडणीत पडद्याचे माप कमी करावे. चित्रांची संख्या वाढली तर अडथळा ग्राफिक्स कार्डाचा होता. वाढली नाही, तर प्रोसेसरचा. 'बाल्डर्स गेट ३' मध्ये हे दोन्ही अनुभव येतात. सुरुवातीच्या रानावनात कार्डावर भार असतो. तिसऱ्या अंकात खेळ मूळ नगरात शिरला, की रस्त्यांवरच्या गर्दीमुळे प्रोसेसर दमू लागतो. म्हणून पहिल्या दोन तासांवरून यंत्राची परीक्षा करू नये.

तरीही बहुतेक खेळांत आधी कमी पडते ते ग्राफिक्स कार्डच. संगणक मुख्यतः अशा खेळांसाठी असेल, तर एकंदर पैशांतील सर्वांत मोठा वाटा, सुमारे तिसरा हिस्सा वा थोडा अधिक, त्यासाठी राखून ठेवावा. प्रोसेसर सहा गाभ्यांचा व अलीकडच्या पिढीचा असला की पुरे. गाभ्यांची संख्या मोजण्यापेक्षा पिढी पाहणे अधिक शहाणपणाचे.

४. 'चार जीबी'चा भुलावा

आता माझ्या फसगतीचे कारण सांगतो. कार्डावरील स्मृती किती, एवढेच मी पाहिले. ती किती वेगाने भरते-रिकामी होते हे पाहिले नाही. हा वेग काढण्याची रीत अशी: स्मृतीच्या मार्गाची रुंदी बिटांत घ्यावी, तिला ८ ने भागावे आणि दर सेकंदाच्या गतीने गुणावे. जुन्या डीडीआर-३ स्मृतीच्या स्वस्त कार्डात रुंदी ६४ बिट आणि गती १.८ गिगाबिट असेल, तर ८ गुणिले १.८ म्हणजे सेकंदाला १४.४ जीबी. एनव्हिडियाच्या जीटीएक्स ९७० या २०१४ सालच्या कार्डात रुंदी २५६ बिट आणि गती ७ गिगाबिट. म्हणजे ३२ गुणिले ७, सेकंदाला २२४ जीबी. दोन्हींच्या खोक्यांवर '४ जीबी'च लिहिलेले! घागर तेवढीच, पण एकीचे तोंड सुईएवढे.

'बाल्डर्स गेट ३' च्या निर्मात्यांनी किमान म्हणून याच जीटीएक्स ९७० चे किंवा रेडिऑन आरएक्स ४८० चे नाव दिले आहे. उत्तम चालण्यासाठी आरटीएक्स २०६० सुपर किंवा आरएक्स ५७०० एक्सटी, आणि कार्डावर ८ जीबी स्मृती. नवे कार्ड घेताना ८ जीबीच्या खाली उतरू नये.

लॅपटॉप घेणाऱ्यांनी आणखी एक भुलावा ओळखावा. आरटीएक्स ३०६० हे नाव घरच्या संगणकातील कार्डाला आहे आणि लॅपटॉपमधील कार्डालाही. परंतु पहिले प्रथम आले तेव्हा त्यात १२ जीबी स्मृती होती, दुसऱ्यात ६. आरटीएक्स ४०७० चे तसेच: एकीकडे १२, दुसरीकडे ८. लॅपटॉपमधील कार्डाला विजेचा पुरवठाही कमी मिळतो आणि बॅटरीवर तो आणखी घटतो. वसतिगृहात राहणाऱ्याला लॅपटॉप सोयीचा हे मान्य, पण नावावरून तुलना करू नये.

५. रॅम आणि साठवण

रॅम १६ जीबी असावी. येथे एक बारकावा आहे. १६ जीबीची एकच पट्टी घेण्याऐवजी ८ जीबीच्या दोन घ्याव्यात. डीडीआर-४ ची ३२०० गतीची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी वाहते. दोन पट्ट्या योग्य खाचांत बसविल्या की दोन मार्ग उघडतात आणि वहन ५१.२ जीबी होते. ज्यांना वेगळे ग्राफिक्स कार्ड परवडत नाही, त्यांच्या संगणकात चित्रेही याच रॅममधून काढली जातात. त्यांना तर हा फरक डोळ्यांना दिसतो.

साठवणीबाबत मात्र तडजोड नको. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवर काटा सरकतो. एका तुकड्याजवळ पोहोचण्यास त्याला दहा मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, आणि असे तुकडे हजारो असतात. घन-अवस्था साठवणीत, म्हणजे एसएसडीत, हलणारा भागच नसल्याने हा काळ शंभरपटीने कमी होतो. 'बाल्डर्स गेट ३' आणि 'स्टारफील्ड' या २०२३ च्या दोन्ही खेळांच्या निर्मात्यांनी एसएसडी आवश्यक म्हणूनच नोंदविली आहे.

जागेचाही हिशेब करावा. ५०० जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४६५ जीबीच दिसते, कारण बनविणारे हजाराने मोजतात आणि विंडोज १०२४ ने. त्यातून विंडोज व अभ्यासाची सामग्री वजा केली, की दीडशे जीबीचे दोन खेळ मावतात. तिसऱ्यासाठी एक काढावा लागतो.

६. वीज आणि उष्णता

या भागाकडे सर्वांत दुर्लक्ष होते. उदाहरणादाखल: ६५ वॅटचा प्रोसेसर, १३२ वॅटचे आरएक्स ६६०० कार्ड, आणि बाकी भागांचे मिळून ६० वॅट, बेरीज २५७. अचानक वाढणाऱ्या मागणीसाठी मोकळीक ठेवून ४५० ते ५०० वॅटचा, पण नावाजलेल्या बनावटीचा व कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र असलेला वीजपुरवठा संच घ्यावा. अनोळखी बनावटीच्या संचावर ७०० लिहिलेले असले तरी तो तेवढे देईलच असे नाही, आणि बिघडताना तो इतर भागांनाही घेऊन जाऊ शकतो. आपल्याकडे वळवाच्या पावसात वीज कशी ये-जा करते हे सर्वांस ठाऊक आहे. छोटा यूपीएस असावा. खेळ जतन करून संगणक नीट बंद करण्यापुरती दहा मिनिटे मिळाली तरी पुष्कळ. पेटीला पुढून हवा आत घेण्याची व मागून बाहेर टाकण्याची सोय असावी आणि दोन-तीन महिन्यांनी धूळ झाडावी.

७. त्या यादीचे काय झाले?

दुसऱ्या दिवशी आप्पा आले. माझ्यासमोर बसून त्यांनी सरळच विचारले, "एवढे पैसे खेळाला घालायचे काय, सर?" मी म्हटले, "आप्पा, यंत्र एकच. त्यावर अभ्यासही होणार आणि खेळही. पैसे वाढवायचे नाहीत. इकडचे तिकडे करायचे."

मग तिघांनी मिळून यादी खोडली. महाग प्रोसेसरच्या जागी सहा गाभ्यांचा घेतला. ३२ जीबीची एकेरी पट्टी काढून ८ च्या दोन. एक टीबीची हार्ड डिस्क काढून ५०० जीबीची एसएसडी. रंगीत दिव्यांची पेटी काढून साधी, जाळीची. ७०० वॅटचा अनोळखी संच काढून ५०० चा चांगला. वाचलेले सारे पैसे ८ जीबीच्या ग्राफिक्स कार्डाकडे वळविले. बेरीज ६२ हजारांच्या थोडी आतच राहिली. उरलेल्यातून यूपीएस आला. आप्पांनी निघताना मुलाला एकच अट घातली, परीक्षेच्या महिन्यात खेळ बंद. ती अट मला या लेखातील सर्व आकड्यांइतकीच महत्त्वाची वाटते, कारण हे खेळ वेळ किती खातात हे मी स्वानुभवाने जाणतो.

जानेवारीत तो विद्यार्थी भेटला. खेळातील नगरात पोहोचलो, तेथे गती थोडी उतरते पण अडखळत नाही, असे त्याने सांगितले.

ज्यांच्याजवळ एवढे पैसे नाहीत त्यांनी निराश होऊ नये. यंत्र खेळाला साजेसे नसेल, तर खेळ यंत्राला साजेसा निवडावा. पहिल्या 'बाल्डर्स गेट'ची २०१२ ची सुधारित आवृत्ती किंवा १९९९ चा 'प्लेनस्केप: टॉरमेंट' हे वेगळे कार्ड नसलेल्या संगणकावरही चालतात, आणि कथेच्या दृष्टीने ते कोणाहून उणे नाहीत.

दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी वहीत पाच उत्तरे लिहावीत. कोणता खेळ खेळावयाचा? त्याच्या निर्मात्यांनी किमान व उत्तम म्हणून काय मागितले आहे? पडद्याचे माप कोणते? सेकंदाला ३० चित्रे पुरतील की ६० हवीत? आणि अभ्यासासाठी आणखी काय लागेल? भाव रोज बदलतात, म्हणून येथे मुद्दामच दिलेले नाहीत. दोन-तीन दुकानांतून लेखी दर घ्यावेत आणि बिल व हमीपत्र जपून ठेवावे. यादी तपासून हवी असल्यास दुपारी प्रयोगशाळेत येऊन भेटावे. कन्नड विभागातील विद्यार्थ्यांनीही संकोच करू नये. आकडे दोन्ही भाषांत सारखेच आहेत.