प्रवासाची शिदोरी

जयपूर हे शहर अरवली डोंगररांगांच्या सान्निध्यात वसले आहे. तेथील नाहरगडावर पायी जाणाऱ्या अल्प उत्पन्नाच्या प्रवाशालाही घरची शिदोरी परवडते. अन्न टिकवण्याचे मर्म एकच : ओलावा जितका कमी, तितके नासणे कमी. पाण्याचे दुर्भिक्ष सोसणाऱ्या मारवाडात केर व सांगरी उन्हात वाळवतात आणि तेल-मसाल्यात परतून प्रवासात नेतात. महाराष्ट्रातील दशमीची कणीक दुधात भिजवतात. त्यामुळे ती एक-दोन दिवस मऊ राहते. सातूच्या पिठात गूळ व पाणी कालवले, की चूल न पेटवता भूक भागते. पोळ्या मात्र गरम असताना डब्यात कोंडू नयेत. वाफेचे पाणी होते, बुरशी धरते आणि वाटेत उपाशी राहण्याची वेळ येते.

शब्दार्थ : दुर्भिक्ष – टंचाई.
प्रश्न : गरम पोळ्या लगेच डब्यात का भरू नयेत?